ऊन लागू नये म्हणून

जावयाची आणि सासऱ्याची पहिली भेट झाली तेव्हा जावई तीनवर बसला होता.

तीनवर म्हणजे तीन वाजता नव्हे, तीन या आकड्यावर. शहराच्या मुख्य चौकात एक सूर्यघड्याळ आहे. सावली पाडणारा त्याचा तिरका खांब चार मजली इमारतीएवढा, आणि त्याच्यासमोर अर्धवर्तुळात मांडलेले तासांचे दगडी आकडे प्रत्येकी जोडपलंगाएवढे. जावई तेव्हा कोणाचाच जावई नव्हता. हवामान खात्यात नुकताच लागलेला निरीक्षक होता, आणि दुपारच्या सुट्टीत तीनच्या आकड्यावर रुमाल पसरून डबा खात होता. दुसरा घास तोंडापाशी पोचला आणि आभाळ फाटलं. हवामान खात्यातल्या माणसाला आभाळ फाटण्याची सवय असते, पण ते वरून फाटतं. हे मागून, डाव्या कानाला लागून फाटलं.

“उठा! आधी माझ्या तीनवरून उठा!”

त्याने वळून पाहिलं. सात फूट उंचीचा, दगडाच्या भुकटीने पांढरा झालेला एक माणूस उभा होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात तारेचा ब्रश. भुवया अशा दाट, की एखादं पाखरू आत शिरलं असतं तर त्याला बाहेरचा रस्ता विचारावा लागला असता. (पुढे लग्नाच्या वेळी याच माणसाला कपड्यांसाठी मोजलं तेव्हा तो पाच फूट दोन इंच भरला. पण त्या क्षणी तो सात फुटांना तसूभरही कमी नव्हता, असं जावई आजही शपथेवर सांगतो.)

“तेल सांडलंय बघा! परवा नऊच्या शेपटीत एकाने सरबत ओतलं, चार दिवस घासत होतो. कुठे कामाला आहात? तुमच्या साहेबाला सांगतो!”

“हवामान खात्यात,” जावई घास गिळून म्हणाला.

बादली खाली आली. ब्रश खाली आला. भुवयासुद्धा बोटभर खाली आल्या.

“उद्या ऊन आहे का?”

“नाही.”

“परवा?”

“नाही हो.”

“मोघम नको. सकाळी थोडं, दुपारी थोडं, असलंही नको.”

“काका, या महिन्यात नाही.”

“बसा,” तो माणूस एकदम मवाळ होऊन म्हणाला. “बसा हो. पाय चारवर पसरा. चहा घेणार? घर दोन गल्ल्या सोडून आहे.”

घराचं दार मुलीने उघडलं. अशा रीतीने सासरा-जावई तीनवर भेटले आणि आठ महिन्यांत दोनाचे चार झाले. आपली गोरीगोमटी चर्या, आपला नम्र स्वभाव यांची ही करामत, असं जावई बरीच वर्षं समजत होता. शेवटी बायकोनेच त्याचा भ्रम फेडला. “बाबांनी तुझ्यात काय पाहिलं? अंदाज. वेधशाळेतल्या शिपायाने दार वाजवलं असतं तरी त्यांनी चहा विचारला असता.”

या शहराविषयी एवढं सांगितलं की पुरे: इथे वर्षातून ऊन पडण्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि मोजून झाल्यावर दोन बोटं उरतात. बाकीचे दिवस ढग. पांढरे, करडे, काळे, आणि पत्र्याच्या रंगाचे. अशा गावात सूर्यघड्याळ का, हा प्रश्न फार जुना आहे. तेव्हाचे नगराध्यक्ष कुठल्याशा उन्हाळ देशाची सहल करून आले ते भाजलेलं नाक आणि पेटलेलं डोकं घेऊनच. तिथे त्यांनी चौकाचौकात सूर्यघड्याळं पाहिली होती. सभेत कोणीतरी भीत भीत विचारलं, “पण साहेब, ऊन?” नगराध्यक्ष म्हणाले, “आधी घड्याळ तर होऊ द्या. उन्हाचं पुढच्या वर्षी बघू.”

उद्घाटनाच्या दिवशी पाऊस होता. सावली हवीच म्हणून चार कोपऱ्यांवर चार मोठे दिवे लावले. चार दिव्यांच्या चार सावल्या पडल्या, चार वेगवेगळ्या वेळा दिसल्या, आणि मंडळी आपापल्या सोयीची वेळ बघून घरी गेली.

पुढे लोकांनी घड्याळाचे आपले आपण उपयोग शोधले. खांबाचं नाव ‘घसरगुंडी’ पडलं. त्याच्या बुंध्याशी आडोशाला एक छत्रीवाला दुकान मांडून बसू लागला, आणि सूर्याच्या नावाने उभारलेल्या या वास्तूखाली त्याने पावसाळी छत्र्यांचा धंदा पंचवीस वर्षं केला. आकड्यांवर बसून लोक एकमेकांची वाट पाहू लागले. ‘पाचला भेटू’ म्हणजे वेळ, ‘पाचवर भेटू’ म्हणजे जागा, एवढा फरक इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. अडचण फक्त सहाची. सकाळचा सहा या टोकाला, संध्याकाळचा सहा त्या टोकाला. त्यामुळे ‘सहावर भेटू’ म्हणून ठरलेली निदान तीन लग्नं तरी या शहरात मोडली आहेत.

तर हे सगळे आकडे ज्याने कोरले तो पाथरवट म्हणजे जावयाचा सासरा. गाव त्याला ‘सुबक’ म्हणे, कारण त्याच्या तोंडी दिवसातून चाळीस वेळा तोच शब्द असे. कोरणं सुबक पाहिजे, भिंत सुबक पाहिजे, पावाचे काप सुबक पाहिजेत. न्हाव्याने कापलेले केस तो घरी येऊन आरशापुढे पुन्हा कापी. दुसऱ्यांच्या घरी गेला की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करी आणि मग बसे. एकदा दवाखान्यात सुई टोचून घेताना म्हणाला होता, “डाव्या हातालाही एक टोचा, बाकी काही नाही, बरं दिसेल.”

आणि ऊन पडलं की हा सुबक ताडपत्री घेऊन चौकाकडे पळे.

लग्नानंतर सासरी राहायला आल्यावर जावयाने हे प्रथम पाहिलं. सकाळी ढग विरले, खिडकीतून उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला, आणि सासूबाई आनंदाने ओरडल्या, “ऊन! गाद्या काढा! उशा काढा!” त्याच क्षणी सुबक कपाटामागून भलीमोठी ताडपत्री ओढून जिना उतरत होता.

“अहो, गादी धरा ना एका बाजूने!”

“तू धर. मला घड्याळ झाकायचंय.”

“बघा जावईबापू, बघा! सगळं गाव उन्हात गाद्या टाकतंय आणि हे सूर्यघड्याळाला सावली करायला निघाले. चौदा वर्षं झाली, माझ्या एका उशीला ऊन लागलेलं नाही.”

“उन्हाने दगडाचा रंग उडतो,” जिन्यातून आवाज आला.

हे कारण त्याने नगरपालिकेला लेखी दिलं होतं, आणि नगरपालिकेने ते मान्य केलं होतं. नुसतं मान्य केलं नाही, ‘सार्वजनिक मालमत्तेची निष्ठापूर्वक काळजी’ म्हणून त्याला प्रशस्तिपत्र दिलं. ढग असेतोवर घड्याळ उघडं, ऊन पडलं की झाकलेलं. एवढी उघड गोष्ट, पण कोणाच्याही मनात शंका आली नाही. गेली चौदा वर्षं हे असंच चाललंय म्हणजे ते बरोबरच असणार, असं मानणाऱ्या लोकांचं ते शहर होतं.

त्या दिवशी जावई मदतीला गेला. ताडपत्रीचं एक टोक नऊवर, दुसरं तीनवर बांधायचं होतं. वारा होता, टोक सुटलं, ताडपत्री फडफडत बाजूला गेली आणि खांबाची लांब काळी सावली दगडांवर उघडी पडली. जावयाने सवयीने मनगटाकडे पाहिलं. नऊ वाजले होते. त्याने सावलीकडे पाहिलं. साडेनऊ.

“बाबा, हे अर्धा तास पुढे आहे.”

सुबकची पाचावर धारण बसली. खरं तर तो तेव्हा दहावर उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जावयाला ताडपत्रीखाली ओढलं, आणि तिथे, उकडत्या हिरव्या अंधारात दोघे उकिडवे बसलेले असताना, चौदा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली.

घड्याळाचा नकाशा आला होता तेव्हा त्यात तासांच्या रेघा सारख्या अंतरावर नव्हत्या. बाराच्या आसपास दाटीवाटीने, आणि सहाकडे जावं तसतशा लांब लांब. सुबकने नकाशा पाहिला आणि त्याच्या जिवाची घालमेल झाली. “मला वाटलं, काढणाऱ्याचा हात हलला. किंवा जेवणाची वेळ झाली असेल, उरकलं असेल कसंबसं. एवढं मोठं काम, जन्मभर गावाच्या डोळ्यांसमोर राहणार, आणि असं वेडंवाकडं? मी कोणाला विचारलं नाही. गुण्या लावला, दोरी धरली, आणि अर्धवर्तुळाचे बारा सारखे भाग केले. एका केसाचा फरक नाही जावईबापू. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुबक काम.”

“आणि मग?”

“तीन महिन्यांनी पहिल्यांदा ऊन पडलं. नवा सदरा घालून सकाळीच येऊन उभा राहिलो. नऊला साडेनऊ दिसले. म्हटलं माझंच घड्याळ मागे पडलं. बाराला बरोबर बारा दिसले. म्हटलं चला! घरी जाऊन पोटभर जेवलो. तीनला परत आलो तर अडीच.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “घरी जाऊन नकाशा काढला. सूर्याची चाल तशीच असते म्हणे. सावली सारख्या पावलांनी चालत नाही. नकाशावाल्याचा हात हललाच नव्हता.”

“म्हणजे सकाळी अर्धा तास पुढे आणि दुपारी अर्धा तास मागे.”

“बाराच तेवढे बरोबर वाजतात,” सुबक म्हणाला. “माझे.”

जावयाला हसू आवरेना, पण सासऱ्याचा चेहरा पाहून त्याने ते खोकल्यात जिरवलं. गावात कोणाची भिंत कलली, कोणाची फरशी हलली, तर ‘सुबकला बोलवा’ म्हणत. त्याच सुबकने गावातलं सगळ्यांत मोठं काम चुकवलं होतं, आणि तेही नीट करायला जाऊन. हे कळलं तर शेजारी हसले असते, हे खरं. पण त्याला भीती वेगळीच होती: उद्या तो कोणाची तसबीर सरळ करायला गेला तर घरवाले म्हणणार, ‘राहू द्या हो, तुमचं सरळ आम्हाला माहीत आहे.’ त्यानंतर त्याने जगायचं कशाला?

तेव्हापासून जावई कटात सामील झाला. रोज सकाळी सुबक विचारी, “आज काय?” आणि जावई सांगे, “ढग.” सासऱ्याचा जीव भांड्यात पडे. ऊन असेल त्या दिवशी दोघं मिळून ताडपत्री नेत. ऊन कधी पडणार हे खातं सहसा चुकीचं सांगे, म्हणून ताडपत्री दाराशीच घडी करून ठेवलेली असे. घडी अर्थातच चारी बाजूंनी सुबक.

अशी अकरा वर्षं गेली आणि घड्याळाला पंचवीस पूर्ण झाली.

आताच्या नगराध्यक्षबाई हौशी होत्या. प्रत्येक कार्यक्रमाला त्या अर्धा तास उशिरा येत, आणि त्यांचा हा अर्धा तास इतका पक्का की लोक त्यांच्या गाडीवर घड्याळं लावीत. बाईंनी ठरवलं: घड्याळाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायचा, सुबकचा सत्कार करायचा, आणि तोही लख्ख उन्हात, घड्याळ चालू असताना. हवामान खात्याला पत्र आलं: ‘कृपया समारंभासाठी ऊन असलेला एक दिवस कळवावा. वेळ दुपारी तीन.’ पत्र फिरत फिरत जावयाच्या टेबलावर आलं, आणि त्याच्या मागोमाग सुबक.

“जावईबापू, आजवर काही मागितलं नाही. मला एक ढग द्या.”

“बाबा, एक कशाला? शंभर देतो.”

जावयाने चाळीस वर्षांच्या नोंदवह्या चाळल्या आणि एक तारीख हुडकली. त्या तारखेला चाळीस वर्षांत एकदाही सूर्य दिसला नव्हता. बाईंना त्याने लिहून दिलं, ‘त्या दिवशी स्वच्छ, लख्ख ऊन राहील.’ घरी येऊन सासऱ्याला म्हणाला, “निर्धास्त राहा. खात्याने ऊन सांगितलंय म्हणजे ढग नक्की.”

तो दिवस उजाडला तो काळ्या ढगांनीच. सुबक नवा सदरा घालून, ताडपत्री घरीच घडीत ठेवून निघाला. चौकात पाचशे खुर्च्या मांडल्या होत्या. त्या वाकड्या होत्या. त्याने पहिल्या तीन रांगा सरळ केल्या. तीन वाजले. सव्वातीन झाले. बाई अर्थातच आल्या नव्हत्या.

तीन वीसला ढग फाटले.

आणि असं ऊन पडलं की लोकांनी डोळ्यांवर हात घेतले. खांबाची सावली दगडांवर सपकन उमटली, जणू कोणी पट्टी धरून ओढली. सुबकने जावयाकडे पाहिलं. जावयाने आभाळाकडे पाहिलं. नोकरीच्या अकरा वर्षांत त्याचा उन्हाचा अंदाज पहिल्यांदा खरा ठरला होता, आणि तो त्याने खोटा म्हणून दिला होता.

पाचशे माणसांनी सावलीकडे पाहिलं. तीनला अजून दहा मिनिटं कमी होती. मग सगळ्यांनी मनगटांकडे पाहिलं. कुजबूज सुरू झाली. सुबकने डोळे मिटून घेतले.

“अरेच्चा,” छत्रीवाल्याचा आवाज आला. “माझं घड्याळ अर्धा तास पुढे गेलंय.”

“माझंही,” शेजारचा म्हणाला. “हल्ली माल चांगला येत नाही.”

“सूर्य कसा खोटं बोलेल हो? आपलंच चुकलं असणार.”

सुबकने डोळे उघडले. पाचशे माणसं खाली माना घालून आपापली घड्याळं मागे लावत होती. इतक्यात बाईंची गाडी आली. बाई उतरल्या, हात जोडत घड्याळापाशी पोचल्या, आणि सावली नेमकी तीनच्या आकड्यावर टेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई कार्यक्रमाला वेळेवर आल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

सत्कार झाला, हार झाला, भाषण झालं. झाकली मूठ तशीच घेऊन सुबकला घरी जाता आलं असतं. कोणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. पण त्याची नजर त्या पाचशे मनगटांवर खिळली होती. गावातली सगळी घड्याळं बरोबर होती, ती त्याने बिघडवली. हे काही त्याला बघवेना. तो पुढे झाला आणि ध्वनिक्षेपकापाशी उभा राहिला. आधी त्याने तो सरळ केला.

“हे घड्याळ चूक आहे,” तो म्हणाला. “मी आकडे चुकीच्या जागी कोरले. पंचवीस वर्षं मी हे तुमच्यापासून लपवलं.”

मग पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा मोठ्या.

“किती हा विनय!” पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं.

“अहो विनय नाही! बाई, आत्ता खरे साडेतीन वाजून गेलेत!”

“साडेतीन कसे वाजतील?” बाई हसून म्हणाल्या. “मी तीनला येणार होते, आणि मी आत्ताच आले.”

तरी सुबकने शेवटचं मागणं मागितलं, “मला रेघा पुन्हा कोरू द्या.” बाईंनी उदार मनाने हो म्हटलं. मग त्या जमावाकडे वळल्या. “पंचवीस वर्षं हे गृहस्थ एकट्याने, ऊन असेल त्या दिवशी ताडपत्री घेऊन धावत आले. आता यांचं वय झालं. आपली काही जबाबदारी आहे की नाही? मी आज जाहीर करते…”

काय जाहीर केलं ते टाळ्यांत सुबकला ऐकूच आलं नाही. त्याला ‘हो’ मिळालं होतं, तेवढं पुरे होतं.

घरी सासूबाई उशा उन्हातून आत आणत होत्या. “ऐकलं सगळं,” त्या म्हणाल्या. “मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

“तुला? आणि बोलली नाहीस?”

“अहो, नवऱ्याची एक तरी चूक हाताशी असावी म्हणून ठेवली होती. ती पण आज तुम्ही गावाला वाटून टाकलीत.”

दुसऱ्या दिवसापासून सुबक कामाला लागला. नकाशा समोर ठेवून, छिन्नी हातात धरून, त्याने खऱ्या तासांच्या रेघा कोरायला घेतल्या. बाराजवळ दाट, सहाकडे विरळ. प्रत्येक रेघ त्याच्या डोळ्यांना खुपे. जावई संध्याकाळी कामावरून परतताना पाही, तर हा गुडघ्यांवर बसून दगडाशी पुटपुटत असे, “काय हे ध्यान! काय हे ध्यान!” आणि पुढची रेघ तितकीच वाकड्या जागी, तितक्याच निगुतीने कोरी. चार महिने लागले. एका केसाचा फरक नाही.

आता फक्त एकदा ताडून पाहायचं होतं. रोज सकाळी तो जुनाच प्रश्न विचारू लागला, “आज काय?” जावई म्हणे, “ढग.” पण आता हा शब्द ऐकला की सुबकचा चेहरा पडे. पंचवीस वर्षं उन्हाला दारातून हाकललेला माणूस खिडकीत बसून त्याची वाट पाहू लागला. जावयाने नोंदवह्या पुन्हा चाळल्या, पण सासऱ्याला देता येईल असं ऊन त्याला सापडलं नाही. खोटं सांगून पाहिलं. तेही या वेळी खरं झालं नाही.

दरम्यान बाईंनी जाहीर केलेलं काम सुरू झालं. दगडाला ऊन लागू नये म्हणून नगरपालिकेने घड्याळावर कायमचं छप्पर घातलं. ऊन पडलं ते छप्पर पूर्ण झाल्यानंतरच्या मंगळवारी.

छप्पर पत्र्याचं आहे. तीनवर गळतं.